समुद्राचं बोलावणं

"बसलंय. जा आता."

हे म्हणण्याआधी दादा चढणाऱ्याच्या पाठीमागं येऊन उभे राहायचे आणि त्याच्या पाठीवरचा पट्टा दोनदा ओढून बघायचे. पवनचक्कीच्या टॉवरवर चढणाऱ्या माणसाला अंगभर पट्ट्यांचं हार्नेस घालावं लागतं. ते नीट बसलंय की नाही हे खरं तर ज्याचं त्यानं बघायचं असतं. पण आमच्या साईटवर दादांनी ओढून बघितल्याशिवाय कुणी शिडीला हात लावत नसे. पुढं पुढं ही खोड इतकी वाढली की न चढणाऱ्यांचीही सुटका होईना. माझ्या खांद्यावरच्या डब्याच्या पिशवीचा बंद त्यांनी कितीदा ओढला असेल कोण जाणे. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेले, तर नवरदेवाचा शेला मागून दोनदा ओढला आणि म्हणाले, "बसलंय. जा आता." नवरदेव दचकला. नवरी मात्र तोंडाला पदर लावून हसत राहिली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा हात लागल्याशिवाय काम पुरं झालंय असं वाटतच नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ईट गावाच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, त्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ते तिथं होते. आधी पायाच्या खड्ड्यावर मजूर, मग आयटीआय झालेलं म्हणून टॉवरवर, आणि मी रुजू झालो तेव्हा दुरुस्तीच्या टोळीचे मुकादम. मी स्टोअर सांभाळतो. नट-बोल्ट, ग्रीस, तेलाचे डबे हे माझं राज्य. उंचीची भीती वाटते, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दादा म्हणाले, "बरं झालं. खाली बी एखादा अक्कलवाला पाहिजेच की." यात चेष्टा किती आणि खरं किती, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या भागात पवनचक्कीला सगळे पंखाच म्हणतात, आणि पंखा म्हटला की तो ढग उडवून लावणारच, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. एका वर्षी आर्द्रा कोरडी गेली. खालच्या गावातली माणसं जमून साईटच्या फाटकावर आली. पंखे बंद करा, मगच आभाळ थांबेल, असं त्यांचं म्हणणं. आमचे साहेब खोलीचं दार लावून फोनवर बोलत बसले. दादा बाहेर आले, सगळ्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमच्या शिवारातल्या पंख्यांची दुरुस्ती निघालीच हाय. आठवडाभर बंद ठेवतो. बगा, पाऊस येतोय का."

आठवडाभर ते पंखे हात पसरून नुसते उभे राहिले. पाऊस काही आला नाही. मला भारी आनंद झाला होता. चहा घेताना मी म्हणालो, "आता तरी पटलं असेल लोकांना."

दादांनी ग्लास खाली ठेवला. "गप बसा, स्टोअरसाहेब. पाऊस न्हाय आला हे काय चांगलं झालं व्हय?"

त्यानंतर त्यांच्यासमोर मी कुणाच्याही अडाणीपणाला हसलो नाही. हसायचंच झालं तर स्टोअरमध्ये दार लावून हसायचो.

समुद्राचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअर बाईंमुळं. कंपनीनं त्यांना सगळ्या साईटवर पाठवलं होतं. भिंतीवर नकाशा लावून त्यांनी सांगितलं, की आता पवनचक्क्या समुद्रात उभ्या करायच्या आहेत. जमिनीवरचे वाऱ्याचे डोंगर आणि माळ बरेचसे वापरून झालेत. समुद्रावर वाऱ्याला अडवायला ना टेकडी ना झाड, त्यामुळं तो जोरात वाहतो आणि एकसारखा वाहतो. आपल्या देशाला एवढा लांब किनारा आहे. गुजरातसमोर आणि तमिळनाडूसमोर जागाही हेरून ठेवल्यात. कोळसा कमी करायचा असेल तर सूर्य आणि माळावरचा वारा एवढ्यावर भागणार नाही.

आम्ही बाकीचे नाश्त्याच्या प्लेटांकडं बघत होतो. दादांनी हात वर केला. "मॅडम, तिथं वर चढायला माणूस लागंलच की?"

"लागेल ना. पुष्कळ लागतील."

"मग बरोबर हाय," असं म्हणून ते खाली बसले. काय बरोबर आहे ते आम्हाला कुणाला कळलं नाही. त्या दिवसापासून मात्र चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघेना.

"आपला वारा पावसाळ्याचा पाहुणा," ते सांगायचे. "चार महिने राहतो आन् जातो. समुद्रावरचा घरचा माणूस हाय. कमी-जास्त व्हईल, पर घर सोडून जाणार न्हाय."

मी म्हणायचो, "देशाचं बघायला दिल्ली आहे. तुम्ही ग्रीस संपलंय ते लिहून द्या."

"दिवस मावळला की सोलर गप. आन् समद्यांच्या घरात दिवा त्याच टायमाला लागतो. मग कोळसाच जाळावा लागतो का न्हाय? दरसाल ऊन वाढतंय, माळावर उभं राहवत न्हाय. तुमी कवा इचारलं का, तुमच्या डोक्यावरचा पंखा कशावर फिरतोय?"

मी कधी विचारलं नव्हतं. कोण विचारतो?

ते टपरीवाल्याला समुद्रातली मोठी पाती समजावून सांगायचे, तेव्हा मात्र मलाही मजा वाटायची. आमच्या साईटसाठी एक पातं लांब ट्रेलरवरून येत होतं, ते गावच्या वळणावर अडकलं. मागं जाईना, पुढं सरकेना. पात्याचं टोक एका म्हातारीच्या अंगणावर जाऊन लटकलं. ती आधी दोन तास भांडली. मग तिनं त्याच्यावर लुगडं वाळत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेलर निघाला तेव्हा "ऱ्हाऊ द्या की अजून थोडं" म्हणाली. दादा ही गोष्ट सांगून म्हणायचे, "जमिनीवर वळण आडवं येतं, म्हणून पातं किती मोठं करायचं त्याला हद्द हाय. समुद्रात वळण न्हाय. जहाजावर घाला आन् चला. महाग लई हाय ते. समुद्राच्या तळात पाय रवायचे, पाण्याखालनं केबल आणायची. म्हणून तर समदी एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात."

त्यांना समुद्रावर जायचं होतं. एवढंच. पैशाचा विषय नव्हता, बढतीचाही नव्हता. माळावर मजूर म्हणून आलेला माणूस देशाचं हे पुढचं काम सुरू होताना तिथं हजर असायला हवा, असं त्यांना वाटत होतं. आणि तो माणूस आपण असावं, असं वाटत होतं.

कंपनीनं समुद्रावरच्या कामासाठी नावं मागवली तेव्हा मी त्यांचं नाव सगळ्यांत वर घालायला घेतलं. त्यांनी हात धरला.

"थांबा. त्यात खाली काय लिवलंय ते वाचा."

खाली लिहिलं होतं, समुद्रात पडल्यावर जिवंत कसं राहायचं याचं शिक्षण घ्यावं लागेल. पोहता येणं आवश्यक.

"मला पोहाया येत न्हाय," दादा म्हणाले.

मी हसलोच. मी तेरचा. तेरणेच्या काठावरचा. पोहायला कधी शिकलो ते मला आठवतसुद्धा नाही. खेड्यात वाढलेल्या, उन्हाळ्यात विहिरीत उड्या मारायच्या वयातून गेलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. दादा हाताचं ग्रीस चिंधीनं पुसत उभे होते. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

"आमच्या गावात एक मोठी हीर हाय, पायऱ्यांची. समदी पोरं तिथंच शिकली. आमच्या वस्तीतली पोरं बी जायची. पर आमी बांधावर बसून त्यांची कपडे राखायचो. मारलं न्हाय कुणी, शिव्या बी न्हाय दिल्या. नुसतं म्हणायचे, तुमी बसा हितं. आमी बसायचो. एकदा म्या पायऱ्या उतरून पाण्यात हात घातला, तर आईनंच कानाला धरून वर आणलं. लई मारलं. तिला भ्या पाण्याचं नव्हतं, माणसांचं व्हतं."

त्यांच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वस्तीत विहार आहे, वस्तीतली पोरं शिकली, नोकरीला लागली. विहीर मात्र तिथंच राहिली होती. मग मी माणूस करतो तेच केलं, मदत देऊ केली. म्हणालो, "दादा, तेरला चला. नदीत शिकवतो."

"न्हाय. शिकायचं तर त्याच हिरीत."

एका रविवारी सकाळी आम्ही मोटारसायकलवरून त्यांच्या गावी गेलो. विहिरीचे मालक दादांच्याच वयाचे, एका वर्गातले. ओट्यावर बसले होते. त्यांच्या रानातही एक पंखा उभा आहे, त्यामुळं आमची ओळख होती. दादांनी काम सांगितलं. मालक मोकळेपणानं हसले.

"पोहा की! त्यात इचारायचं काय? कवा कुणी नको म्हणलंय व्हय?"

खरं सांगतो, मला राग आला. त्या माणसाच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं, आणि राग आला तो त्याचाच. ज्यानं बसवून ठेवलं त्याला काही आठवत नव्हतं आणि जो बसला होता तो काहीच विसरला नव्हता. दादा ओट्यापाशी गेले. मग म्हणाले, "मग चला की. तुमी बी या."

विहिरीवर पोचल्यावर दादांनी शर्ट काढला, पँट काढली, दोन्हींची नीट घडी घातली आणि ती मालकांपुढं धरली.

"जरा धरा."

मालकांनी घेतली. माझ्या हातात दोर होता, दादांच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला होता, आणि मी त्या गडबडीत होतो. मधे एकदा वर पाहिलं तर मालक भर उन्हात उभे होते आणि हातातल्या कपड्यांकडं बघत होते. त्यांना काय आठवलं, काही आठवलं का, ते मी सांगू शकत नाही. शेजारी लिंबाची सावली होती, बसायला दगड होता. पण ते सगळा वेळ उभेच राहिले आणि कपडे त्यांनी खाली ठेवले नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर ते आधीच येऊन थांबले होते.

ढगांजवळ शीळ घालत काम करणारा हा माणूस कमरेएवढ्या पाण्यात पायरी सोडेना. "पाय मारा," मी ओरडायचो. "मारतोय की!" ते खालून ओरडायचे. पाय ते मारायचे, पण पाण्याला नव्हे, पायरीला. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे, खोकता खोकता वर यायचे आणि थोडा दम खाऊन पुन्हा उतरायचे. चैत्र संपत आला होता. आमच्याकडच्या विहिरी उन्हाळ्यात काय होतात ते तुम्हाला माहीत आहे. दर आठवड्याला आणखी एखादी पायरी उघडी पडायची. आम्ही तिघंही ते बघत होतो. पाणी आधी संपतं की दादा आधी शिकतात, एवढाच प्रश्न उरला होता.

एका रविवारी त्यांची आई आली. काठी टेकत बांधापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मालक म्हणाले, "या की काकू, जवळ या." ती आली नाही. त्या दिवशी दादांनी पाठीचा कॅन सोडायला सांगितला. दोर माझ्या हातात होताच, पण मी तो ढिला ठेवला. दादांनी पायरी सोडली आणि ते वेडेवाकडे, भरपूर पाणी उडवत पलीकडच्या भिंतीला जाऊन लागले. तिथं कपारीला धरून त्यांनी वर बघितलं. मी आरडाओरडा करत होतो. मालकांनी कपडे काखेत मारून टाळ्या वाजवल्या. आई वळली आणि वस्तीकडं चालू लागली. तिचा चेहरा मला दिसला नाही.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका केंद्रात ते शिक्षण असतं. दादा गेले आणि पास होऊन आले. बुटांसकट पाण्यात उडी टाकायची, जाकीट फुगवायचं, रबरी होडीत दुसऱ्याला ओढून घ्यायचं, सगळं त्यांनी आम्हाला टपरीवर हातवारे करून दाखवलं. साईटवर पेढे वाटले. आता बोलावणं आलं की निघायचं.

बोलावणं येईना. समुद्रातल्या कामाची निविदा निघायची, तारीख पुढं ढकलली जायची, मग निविदाच रद्द व्हायची. खर्चाचा मेळ बसत नव्हता, कुणी धाडस करत नव्हतं. हेड ऑफिसला फोन केला की उत्तर ठरलेलं, "थोडं थांबा." पोरं चेष्टा करायची, "दादा, समुद्र कवा?" दादा म्हणायचे, "येतोय. वाटंत हाय." त्या शिक्षणाचं प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं. ती संपली. दादांनी रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चानं पुन्हा परीक्षेला निघाले. तोवर त्यांना चालताना दम लागायला लागला होता, म्हणून वहिनींनी मला बरोबर धाडलं.

मी म्हणालो, "दादा, कशासाठी? कामाचा पत्ता नाही."

"काम आलं आन् माझी तयारी नसली तर?"

दुसऱ्यांदाही ते पास झाले. शिक्षण मात्र सगळं तलावात असतं. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो, आणि तेव्हा कुठं ते खऱ्या समुद्रात उतरले. मी वाळूत बसलो होतो. थोडं आत जाऊन ते पोहले, मग नुसतेच पाण्यावर पडून राहिले. बाहेर आले ते लहान पोरासारखे खूश होऊन.

"पाणी उचलून धरतंय हो! हिरीतलं खाली ओढायचं. हे म्हणतंय, ऱ्हा वर."

मग माझ्या शेजारी बसून त्यांनी समोर बोट केलं. "तिथं. आपले पंखे तिथं उभे राहणार."

मी बघितलं. नुसतं पाणी होतं. लांबवर एक होडी होती, तीही थोड्या वेळात दिसेनाशी झाली. मी म्हणालो, "कधी, दादा?"

त्यांनी बोट खाली घेतलं. "मला उशीर झाला तर झाला, स्टोअरसाहेब. देशाला न्हाय व्हायला पाहिजे."

मला त्या क्षणी देशाचं काही वाटलं नाही. मला त्यांचंच वाईट वाटलं. देशाला पुढचं वर्ष असतं, त्याच्या पुढचंही असतं. पन्नाशी उलटलेल्या, दम लागणाऱ्या माणसाला किती असतात?

त्याच हिवाळ्यात ते गेले. घरीच, सकाळी चहा घेता घेता. साईटवर त्या दिवशी टोळीतली पोरं एकमेकांचे पट्टे ओढून बघत होती.

उन्हाळा लागताना हेड ऑफिसचा फोन आला. समुद्रात तपासणीचं काम निघालंय, बोट जाणार आहे, प्रमाणपत्र असलेला तुमचा माणूस पाठवा, असं दादांचं नाव घेऊन सांगितलं. मी सांगितलं, ते वारले. पलीकडचा तरुण "अरेरे" म्हणाला, आणि दुसरं नाव असेल तर कळवा म्हणाला. इतकी वर्षं थांबा म्हणणारे ते होते. त्या दिवशी मी म्हणालो, "थोडं थांबा."

मग मी दादांच्या गावी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. बोलावणं त्यांचं होतं, ते त्यांच्या घरी पोचवावं असं वाटलं. वहिनी दारात होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नाव घेऊन बोलावलं का?"

"हो."

त्या आत गेल्या आणि पाणी आणायला बराच वेळ लावला. आई ओसरीवर सुपात ज्वारी निवडत बसली होती. तिला कमी ऐकू येतं, मला वाटलं तिनं ऐकलं नसेल. तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"त्या बोलावणाऱ्याचा फोन हाय का तुमच्याकडं?"

"आहे, आई."

"मग त्याला सांगा. त्यो गेला म्हणून येऊ शकत न्हाय. पोहाया येत न्हाय म्हणून न्हाय."

"सांगतो."

"आत्ता सांगा."

मी तिच्यासमोर उभा राहून फोन लावला. तो तरुण म्हणाला, "बोला, दुसरं नाव मिळालं का?" मी म्हणालो, "नाही. त्यांच्या आईनं एक निरोप सांगितलाय. त्यांना पोहता येत होतं."

तो म्हणाला, "काय? ऐकू आलं नाही नीट."

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं.